मंत्राचें मोल

गेल्या महाशिवरात्रीस आम्ही मार्कंड्याच्या यात्रेस गेलों होतों. चामोर्शी तालुक्यांतील हें देवस्थान वैनगंगेच्या तीरीं आहे. नदी येथें आपली दक्षिणेची वाट घटकाभर सोडून उत्तरेस वळते, म्हणून स्थळास विशेष पावित्र्य मानितात. दर्शन आटोपून मंडळी नदीकांठीं विसावली असतां आमचा भाचा आणि त्याचा धानोऱ्याकडील एक सोबती यांनीं सतरंजीवर पत्त्यांचे दोन जोड काढले. पत्ते नेहमींचे नव्हते. त्यांत बदाम नाहीं, इस्पिक नाहीं. पानापानावर राक्षस, अरण्यें, विजेचे लोळ, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यांत कांहीं वर्तुळें व आंकडे. विचारतां कळलें कीं हे जादूचे पत्ते. बहुतेक प्रत्येक पान म्हणजे एक मंत्र आणि कोपऱ्यांतला आंकडा म्हणजे त्या मंत्राची किंमत.

आमच्या समवेत एक सेवानिवृत्त गुरुजी होते. जादू हा शब्द ऐकतांच त्यांची मुद्रा बदलली. "ज्या मुलखांत या एका शब्दापायीं माणसें मार खातात, त्या मुलखांत पोरांनीं मंत्राचा खेळ खेळावा, हें आम्हांस रुचत नाहीं," असें ते स्पष्ट म्हणाले. गुरुजींनीं चाळीस वर्षें खेड्यापाड्यांच्या शाळांत काढलीं आहेत. त्यांचा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. परंतु आमचें लक्ष त्या 'किंमत' शब्दानें वेधून घेतलें. पत्त्यांच्या खेळांत पानास दर्जा असतो हें आम्हांस ठाऊक होतें. पान टाकावयाचें तर तें विकत घ्यावें लागतें ही गोष्ट नवी होती. ही किंमत प्रथम कोणीं ठरविली, ती कशी चुकली आणि ती जुळवून जोड बांधण्याचें गणित कसें वाढलें, याचा वृत्तांत पुढें दिला आहे. गुरुजींच्या आक्षेपाचा विचारही त्याच ओघांत येईल.

ज्या देवळाच्या सावलींत हा प्रसंग घडला त्या देवळाची कथाच मुळीं किंमतीची कथा आहे. मृकंडु ऋषीनें पुत्रासाठीं तप केलें. शंकर प्रसन्न झाला. परंतु वर मोकळ्या हातानें दिला नाहीं. दीर्घायुषी पण मूढ पुत्र हवा, कीं गुणी पण सोळाच वर्षें जगणारा हवा, असा प्रश्न पुढें टाकला. तपाचें जें पुण्य मृकंडूपाशीं होतें त्यांत गुण आणि आयुष्य हीं दोन्ही बसत नव्हतीं. त्यानें गुण घेतले आणि मार्कंडेय जन्मास आला. पुढें यमाच्या पाशांतून तो कसा सुटला हें सर्वांस ठाऊक आहे. पण आमच्या मतें कथेचा खरा मर्मभाग तो पहिला सौदाच होय.

पुराणें व महाकाव्यें या दृष्टीनें चाळलीं तर सर्वत्र हाच जमाखर्च आढळतो. विश्वामित्र त्रिशंकूला स्वर्गीं धाडतो, पण त्यापायीं त्याचें तप खर्ची पडतें आणि त्याला पुनः प्रारंभापासून बसावें लागतें. कर्णाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इंद्राची अमोघ शक्ति त्याला मिळाली ती अंगचीं कवचकुंडलें देऊन, आणि तीही एकदांच वापरण्याच्या अटीवर. त्यानें ती अर्जुनासाठीं राखून ठेविली. परंतु चौदाव्या दिवसाच्या रात्रीं घटोत्कचानें कौरवसेनेचा असा संहार मांडला कीं ती त्याच्यावर टाकल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. म्हणजे शस्त्राची किंमत दोन वेळां द्यावी लागली; एकदां तें मिळवितांना, आणि दुसऱ्यांदा तें भलत्या वेळीं हातचें गेल्यामुळें. पत्त्यांचे जोड बांधणारे आजचे तरुण ज्या प्रश्नाशीं झगडतात तो हाच. मंत्र केवढा मोठा आहे हें पाहून भागत नाहीं. तो कोणत्या घटकेस परवडेल, आणि ती घटका येईपर्यंत आपण टिकून राहूं काय, हेंही पाहावें लागतें.

आमच्या जुन्या पत्त्यांत मात्र हा प्रश्न नव्हता. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अकबराच्या काळच्या गंजिफांचें वर्णन अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें केलें आहे. पुढें हा खेळ देशभर पसरून ठिकठिकाणीं निराळा झाला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत दहा पानें, अशीं एकूण १२० वाटोळीं पानें असतात. आमच्या जिल्ह्यांच्या दक्षिणेस, पैनगंगेपलीकडच्या मुलखांत, निर्मळ येथेंही नकाशी करणारे कारागीर गंजिफा रंगवीत. लांकडी खेळणीं आणि चित्रें यांसाठीं तें गांव आजही प्रसिद्ध आहे.

गंजिफांत एक गंमत आहे. निम्म्या रंगांत प्रधानाखालीं दहाचें पान सर्वांत भारी, आणि उरलेल्या निम्म्यांत एकाचें. आंकडा मोठा म्हणून पान मोठें, असा नियमच नाहीं. पहिली उतारीही दिवसा खेळतांना एका रंगाची आणि रात्रीं दुसऱ्याची. दशावतारींत दिवसा रामाची, रात्रीं कृष्णाची. तेंच पान, तोच हात, पण सूर्य मावळला कीं त्याची प्रतिष्ठा बदलली! आपल्या घरोघरच्या मेंढीकोटांतही दर्जा आणि मोल हीं दोन वेगळीं आहेत. दहाचें पान राणी-गुलामांपुढें देखील हरतें, पण सारा डाव त्या चार दहांसाठींच चालतो. तेव्हां पानाचा दर्जा हा मानण्यावर असतो, हें आमच्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें.

तथापि या खेळांत किंमत नव्हती, आणि याचें कारण उघड आहे. जोड सर्वांचा एक. तो पिसावयाचा, वाटावयाचा आणि दैवानें जें हातीं येईल तें खेळावयाचें. एकाच्या हातीं चार एक्के आले तर तो दैवाचा पक्षपात. पुढच्या डावांत तो दुसऱ्यावर होईल. खेळणारानें आपलीं पानें स्वतः निवडून घरून आणावयाचीं, असें ठरलें असतें तर प्रत्येकानें नुसते राजेच आणले असते आणि खेळ तेथेंच संपला असता. निवडण्याची मोकळीक दिली कीं किंमत लावणें भाग पडतें. किंमतीचा सगळा इतिहास या एका फरकांतून निघतो.

ही मोकळीक पत्त्यांत पुरतेपणीं आली ती १९९३ च्या ऑगस्टांत. अमेरिकेंतील रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें त्या महिन्यांत विक्रीस आणला. गारफील्डचा अभ्यासविषय संयोजनशास्त्र, म्हणजे वस्तु किती प्रकारांनीं एकत्र येऊं शकतात याचें गणित. खेळ पाहिला म्हणजे हें सांगावें लागत नाहीं. पहिल्या आवृत्तींत २९५ निरनिराळीं पानें होतीं. तीं बंद पाकिटांतून विकलीं जात. खेळणारानें आपल्याजवळच्या पानांतून जोड बांधावयाचा आणि दुसऱ्याच्या जोडाशीं लढवावयाचा. प्रत्येकापाशीं आरंभीं वीस प्राण. ज्याचे प्राण प्रथम संपतील तो हरला.

आतां किंमत कशांत मोजावयाची? गारफील्डनें त्यासाठीं 'माना' हा शब्द घेतला. हा शब्द मूळचा पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचा. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्यानें १८९१ सालच्या आपल्या मेलानेशियाविषयींच्या ग्रंथांत त्याची चर्चा केली आणि तेथून तो मानववंशशास्त्रांत रूढ झाला. लॅरी निव्हन या लेखकानें १९६९ च्या एका कथेंत त्याला नवें वळण दिलें: माना हें जमिनींत सांठलेलें धन आहे, जादूगार जितकी जादू करील तितकें तें संपतें, आणि एके दिवशीं तेथें कोणताच मंत्र चालत नाहीं. (आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस या शब्दानें दुसरेंच कांहीं आठवेल. माना ही आमच्याकडील जमात. गोंड राजांच्या पूर्वीं या मुलखांत त्यांचें राज्य होतें अशी परंपरा आहे. दोन्ही शब्दांचा कांहीं संबंध नाहीं. परंतु आमच्या भाच्याच्या सोबत्यास ही गोष्ट फार आवडते.)

खेळांत हें माना भूमीपासून मिळतें. भूमीचीं पानें पांच प्रकारचीं: मैदान, बेट, दलदल, पर्वत आणि अरण्य. प्रत्येक भूमि दर पाळीस मानाची एक मात्रा देते, आणि मंत्राच्या कोपऱ्यांत जेवढा आंकडा तेवढ्या मात्रा खर्चल्यावांचून तो मंत्र म्हणतां येत नाहीं. भूमीस स्वतःची किंमत नाहीं. भाचा आम्हांस सांगूं लागला, "मामाजी, जंगल फुकट हाय, पण एका पाळीले एकच मांडता येते." फुकट असूनही जे मर्यादित आहे तेंच खरें चलन, ही अर्थशास्त्रांतली गोष्ट त्यानें एका वाक्यांत सांगितली. त्यावर धानोऱ्याचा मुलगा म्हणाला कीं अरण्याची एक मात्रा आणि दलदलीचीही एकच, हा हिशेब ज्यानें केला त्यानें आमचें जंगल पाहिलेलें नसावें. आम्हांसही तसेंच वाटतें. शिवाय निव्हनच्या कथेंतील भूमि वापरून संपते. गारफील्डची भूमि वापरतांना पान आडवें करावयाचें आणि पुढच्या पाळीस पुनः उभें करावयाचें, कीं ती पूर्ववत् ताजी. कोणतेंही खरें अरण्य इतक्या लौकर उभें राहत नाहीं. पण खेळास हें चालतें. तो दहा-वीस पाळ्यांत संपावयाचा असतो.

किंमती ठरवितांना गारफील्डची पहिली कसोटी साधी होती, आणि ती पहिल्या आवृत्तींतील पांच पानांवर स्पष्ट दिसते. पांच रंगांचीं हीं पांच पानें, प्रत्येकाची किंमत एक मात्रा आणि प्रत्येकाचें फळ तीन. पांढऱ्या रंगाचें 'हीलिंग साल्व्ह' तीन प्राण वाढवितें. तांबड्याचें 'लायटनिंग बोल्ट' तीन प्राणांचा आघात करतें. हिरव्याचें 'जायंट ग्रोथ' एखाद्या प्राण्याचें बळ एका पाळीपुरतें तिनानें वाढवितें. काळ्याचें 'डार्क रिच्युअल' एका मात्रेच्या तीन मात्रा करून देतें. आणि निळ्याचें 'अँसेस्ट्रल रिकॉल' जोडांतून तीन नवीं पानें हातांत देतें.

कागदावर पांचही समान दिसतात: एकास तीन, एकास तीन. खेळावयास बसल्यावर मात्र कळलें कीं हीं तीन-तीन एकाच जातीचीं नव्हेत. तीन प्राण वाढल्यानें मरण थोडें लांबतें, इतकेंच. विजेचा आघात उपयोगी, पण एका पानाच्या मोबदल्यांत एक काम. परंतु या खेळांत दर पाळीस एकच नवें पान उचलावयाचें असतें; तेव्हां तीन पानें मिळणें म्हणजे तीन पाळ्यांची मिळकत एका मात्रेंत पदरीं पडणें. पांच भावांस वडिलांनीं तीन-तीन वस्तु वाटून द्याव्या, आणि चौघांस तीन रुपये मिळावे व पांचव्यास तीन बैल, तसा हा प्रकार झाला.

रचणारांस याची अजीबातच कल्पना नव्हती असें नव्हे. त्यांनीं इतर चार पानें सर्रास छापलीं आणि हें पांचवें दुर्मिळ ठेविलें. हीच त्यांची दुसरी चूक होय, असें आमचें मत आहे. दुर्मिळपणा ही पानाची बाजारांतली किंमत झाली, डावांतली नव्हे. ज्याच्या खिशांत पैसा त्यानें तें दुर्मिळ पान मिळविलें, आणि एकदां मिळविल्यावर खेळतांना त्याला एकाहून अधिक मात्रा पडली नाहीं. आरंभीं एका पानाच्या कितीही प्रती जोडांत घालण्याची मुभा होती आणि जोड अवघ्या चाळीस पानांचा चाले. त्यामुळें अनर्थ आणखी वाढला. याच आवृत्तींतील 'ब्लॅक लोटस' या पानास तर किंमतच नव्हती, आणि तें टाकतांच तीन मात्रा मिळत. अखेर १९९४ च्या आरंभीं स्पर्धांसाठीं निर्बंधांची पहिली यादी निघाली. सामान्य पानाच्या चार प्रतींहून अधिक घ्यावयाच्या नाहींत, जोड निदान साठ पानांचा असावा, आणि अशा कांहीं पानांची एकच प्रत असावी, असे नियम हळूहळू स्थिर झाले. 'अँसेस्ट्रल रिकॉल' आजही स्पर्धेंत जेथें मुळीं चालतें तेथें एकट्यानेंच चालतें.

एकदां छापलेलें पान परत बोलावितां येत नाहीं. म्हणून किंमतीची चूक नियमानें दुरुस्त करावी लागली, आणि ती सर्वांसमक्ष, कारणांसह करावी लागली. पुढच्या आवृत्त्यांत तीन पानें देणारे मंत्र पुष्कळ निघाले. पण त्यांच्या कोपऱ्यांत एकाचा आंकडा पुनः तसा आला नाहीं.

रचणाराची ही बाजू झाली. खेळणाराचें गणित निराळें, आणि आम्हांस तें अधिक मनोरंजक वाटलें. किंमती छापूनच आल्या आहेत. आतां साठ पानांत भूमि किती घालावयाची आणि कोणत्या किंमतीचे मंत्र किती? भाच्याच्या वहींत या हिशेबाचीं पानेंच्या पानें भरलेलीं होतीं. त्याचा जोड त्या दिवशीं वीस भूमींचा होता आणि चाळीस मंत्रांत सहा-सहा मात्रांचे अजस्र प्राणी पुष्कळ होते. तो वारंवार हरत होता, आणि दोष पिसण्यास देत होता.

हिशेब असा आहे. आरंभीं सात पानें हातीं येतात. प्रथम खेळणारास पहिल्या पाळीस पान उचलतां येत नाहीं. म्हणून चौथ्या पाळीस त्याचीं एकूण दहा पानें पाहून होतात. साठांत चोवीस भूमि असतील तर दहांत सरासरीनें बरोबर चार येतील, म्हणजे चौथ्या पाळीस चौथी भूमि. पण सरासरी हा फसवा सोबती आहे. संयोजनाच्या रीतीनें मांडून पाहिलें तर त्या दहांत चार किंवा अधिक भूमि येण्याचा संभव शंभरांत सुमारें ६३ निघतो; उरलेल्या ३७ वेळां चार मात्रांचा मंत्र हातांत धरून नुसतें बसावें लागणार. भूमि वीसच ठेवल्या तर हाच संभव ४४ वर येतो. चार पानांच्या फरकानें शंभरांतल्या १९ डावांचें भवितव्य बदललें! बरें, चोवीस घालूनही सारें निर्धास्त होतें असें नाहीं. पहिल्या सात पानांत एकही भूमि नसणें किंवा एकच असणें, असा प्रसंग सात डावांत एकदां येतोच. भूमि आणखी वाढवाव्या, तर मग मात्रा आहेत आणि खर्च करावयास मंत्र नाहीं, अशी कृपणाची अवस्था.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानांत येत नाहीं. न खर्चलेली मात्रा पुढच्या पाळीस उरत नाहीं. पहिल्या पाळीस एक, दुसरीस दोन, तिसरीस तीन, चौथीस चार, अशा चार पाळ्यांत एकूण दहा मात्रा मिळतात. ज्याच्या हातीं केवळ चार मात्रांचे मंत्र आहेत त्यानें दहांपैकीं चारच खर्चिल्या. सहा वाऱ्यावर गेल्या. ज्याच्यापाशीं एक, दोन, तीन आणि चार मात्रांचा प्रत्येकीं एक मंत्र आहे त्यानें दहाच्या दहा कामीं लाविल्या. त्याचा एकेक प्राणी हलका असेना. दुसऱ्याचा राक्षस अवतरेपर्यंत त्याचे तीन सैनिक रणांत उतरून घाव घालूं लागलेले असतात. म्हणून जोडांत स्वस्त मंत्र अधिक, मध्यम त्याहून कमी आणि महाग अगदीं थोडे, अशी उतरण ठेवावी लागते. खेळणारे तिला मानाची कमान म्हणतात.

ही कमान जगासमोर आली तिची हकीकत मौजेची आहे. जे श्नायडर नांवाच्या खेळाडूनें केवळ या तत्त्वावर तांबड्या रंगाचा एक जोड बांधला. त्यांतील पुष्कळ पानें अशीं होतीं कीं जाणत्या खेळाडूंनीं तीं रद्दींत टाकलेलीं. तोच जोड घेऊन पॉल स्लाय १९९६ सालीं अटलांटा येथील एका स्पर्धेंत उतरला आणि मातब्बर जोडांस मागें टाकून वर आला. लोकांनीं जोडास नांव ठेविलें तें मात्र 'स्लाय'. हिशेब करणारा मागें राहिला आणि पानें टाकणारा अमर झाला. इतिहासांत हें नवें नाहीं. पण त्या दिवसापासून एकेका पानाच्या तेजास भुलण्याचे दिवस संपले आणि साऱ्या जोडाचा खर्च मांडण्याचे सुरू झाले.

याच सुमारास किंमतीच्या विचारास आणखी एक कलाटणी मिळाली. १९९५ च्या एका आवृत्तींत 'नेक्रोपोटन्स' हें काळ्या रंगाचें पान निघालें. त्याची किंमत तीन मात्रा. तें मांडल्यावर खेळणारास नित्याचें पान उचलतां येत नाहीं, मात्र एक प्राण दिला कीं एक पान, असें तो हवीं तितकीं पानें पाळीच्या शेवटीं घेऊं शकतो. आरंभीं अनेकांस हें आत्मघातकी वाटलें. आपलेच प्राण आपण कां द्यावे? वर्षभरांत या पानानें सारें क्रीडाजगत् व्यापलें. १९९६ च्या उन्हाळ्यास खेळाडू अजूनही 'काळा उन्हाळा' म्हणतात. त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं विसांपैकीं शेवटचा एक प्राण मात्र अनमोल आहे. पहिले एकोणीस हें खर्चण्याजोगें धन आहे, आणि तें राखून मरण्यापेक्षां वेळेवर खर्चून जिंकणें शहाणपणाचें. आयुष्य आणि सामर्थ्य यांचा असा सौदा मार्कंड्याच्या देवळाबाहेर बसून ऐकतांना आम्हांस मृकंडु आठवला नसता तरच नवल. त्यानें पुत्राचें आयुष्य दिलें आणि गुण घेतले. फरक इतकाच कीं त्या सौद्यांतले प्राण त्याचे स्वतःचे नव्हते.

हें आम्ही बोलून गेलों, आणि गुरुजींनीं तोच धागा उचलला. ते म्हणाले, "इथेंच तर सारी गोम आहे. खेळांत ज्याचा मंत्र त्याचाच खर्च. आमच्या गांवांत खर्च भलत्याच्या माथीं पडतो." त्यांना काय म्हणावयाचें होतें हें या दोन जिल्ह्यांत राहणारास सांगावें लागत नाहीं. घरांत मूल दगावतें, गुरें मरतात, ताप हटत नाहीं. मग कोणी एक जाणता म्हणविणारा बोट दाखवितो, आणि तें बोट बहुधा एखाद्या एकाकी विधवेकडे, एखाद्या वृद्धाकडे, ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं अशाकडे वळतें. २०२१ च्या ऑगस्टांत जिवती तालुक्यांतील एका गांवीं जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांसह सात जणांस भर चौकांत बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रानें अशा अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ सालींच कायदा केलेला होता. कायदा असूनही घडलें, एवढें म्हणून स्वस्थ बसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं; पण त्या प्रसंगाचा समग्र विचार करण्याचें हें स्थळ नव्हे.

एक गोष्ट मात्र या खेळामुळें आमच्या ध्यानांत आली ती नमूद करतों. ज्याच्यावर करणी केल्याचा आळ येतो त्याच्या अंगीं केवढें सामर्थ्य कल्पिलें जातें, पहा! तो दुरून रोग लावतो, पीक जाळतो, मूल मारतो. आणि हें सारें कशाच्या बळावर? त्याच्या घरीं दोन वेळची भाकर नसते. इतकें सामर्थ्य ज्याच्या हातीं, त्याला त्याची किंमत पडली ती कोठें, आणि एवढें विकत घेणारा स्वतः इतका दरिद्री कसा, हा प्रश्न आळ घेणारा विचारीत नाहीं. विश्वामित्रास जें तप पडलें, कर्णास जीं कवचकुंडलें पडलीं, तसलें कांहीं त्या म्हातारीनें कधीं दिलेलें कोणीं पाहिलें आहे काय? आमच्या कथांनीं मंत्रास नेहमीं किंमत लाविली. बिनकिंमतीच्या मंत्रावरचा विश्वास ही त्या कथांची देणगी नव्हे. उलट त्यांच्याशीं तो विसंगत आहे.

हा युक्तिवाद ऐकून गुरुजी पूर्णपणें निवळले असें आम्ही म्हणत नाहीं. शब्दाविषयींची त्यांची तेढ कायम होती. खेळास जादूऐवजीं दुसरें कांहीं नांव असतें तर बरें, असें ते अखेरपर्यंत म्हणत राहिले, आणि त्यांत तथ्य आहे. मुलांसही तें पटल्यासारखें दिसलें; निदान धानोऱ्याचा मुलगा तरी गांवीं हे पत्ते चारचौघांत काढीत नाहीं, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. त्याच्या आजीला एकदां कोणी कांहीं बोललें होतें. अधिक त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं.

मग गुरुजींनीं चष्मा चढवून भाच्याची वही मागितली. गणित हा त्यांचा शाळेंतला विषय. वीस भूमींचा हिशेब त्यांनीं एकदां तपासला, एके ठिकाणीं भागाकार चुकला होता तो दाखविला, आणि विचारलें, "अरे, हे सहा-सहा मात्रांचे इतके राक्षस तुला कशाला हवेत?" भाचा म्हणाला, "चांगले दिसतात, गुरुजी." चार राक्षस बाहेर गेले, त्यांच्या जागीं चार अरण्यें आलीं. जोड पुनः पिसला. पहिल्या डावांत चौथ्या पाळीस चौथी भूमि आली आणि भाचा जिंकला. दुसऱ्या डावांत सात पानांत एकच भूमि आली, ती पाळ्यामागून पाळ्या एकटीच राहिली, आणि तो हरला. या वेळीं त्यानें पिसण्यास दोष दिला नाहीं. वहींत 'सातांत एक' असें लिहिलेल्या ठिकाणीं एक रेघ ओढली. तिसरा डाव मांडणार तोंच चामोर्शीची मोटार निघण्याची हाकाटी झाली, आणि पत्ते गोळा करावे लागले.